वायफाय सारखं तुटतंय? आधी गळती शोधा, मग खर्च करा



मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्याचा हिशोब शिकलो. या वेळचा धडा वेगळा आहे, पण पैशाशी त्याचाही संबंध आहे. हल्ली शेळीपालनाचं प्रशिक्षण, बँकेची माहिती, पोरांचा अभ्यास, सगळं मोबाईलवर नाहीतर टीव्हीवर नेटने बघायचं असतं. नेमकं कामाचं सुरू झालं की मध्येच चित्र थांबतं आणि ते गोल फिरायला लागतं. मग आपण काय म्हणतो? "नेट खराब आहे." आणि विषय संपतो.

"नेट खराब आहे" हे म्हणजे "पोरगं आजारी आहे" म्हणण्यासारखं आहे. ताप आहे, पोट दुखतंय की दात येतायत, ते कळल्याशिवाय औषध कसं देणार? तसंच हे.

तामलवाडीच्या एका बैठकीत काय झालं

तामलवाडीत एका समूहाने ठरवलं होतं, ताईंच्या घरी मोठा टीव्ही आहे, वायफाय आहे, तर शेळ्यांच्या लसीकरणाचा व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघायचा. अकरा जणी जमल्या. पाच मिनिटं चाललं आणि थांबलं. परत लागलं, परत थांबलं. ताईंचा मुलगा सोलापूरला कॉलेजला गेलेला. वायफायच्या डब्याला हात लावायची कुणाची हिंमत होईना. "पोरगं म्हणलंय हात लावू नगं, बिघडंल," असं ताई म्हणाल्या.

मी पुढे झाले. डबा बंद करून चालू केला. दहा मिनिटं चाललं, परत थांबलं. असं तीनदा केलं आणि शेवटी मी जाहीर करून टाकलं की कंपनीच खराब आहे. प्रशिक्षण अर्धवट राहिलं. बायका उठून कामाला गेल्या.

पुढच्या बैठकीत ताईंनी अंतर्गत कर्जाची मागणी मांडली. 14,000 रुपये, नवीन टीव्हीसाठी. दुकानदाराने सांगितलं होतं की जुन्या टीव्हीला वायफाय झेपत नाही. मागणी वहीत लिहायची वेळ आली, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "आगं पण त्याच घरात मोबाईलवर तरी नीट चालतंय का? ते तरी बघितलंय का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आम्ही सगळ्या उठून ताईंच्या घरी गेलो. मोबाईल घेऊन वायफायच्या डब्याजवळ उभ्या राहिलो. व्हिडिओ दहा मिनिटं न थांबता चालला. म्हणजे कंपनीची लाईन बरोबर होती. मग तोच मोबाईल आतल्या खोलीत टीव्हीजवळ नेला, आणि तिथं मोबाईलवरही गोल फिरायला लागलं. म्हणजे टीव्हीही बरोबर होता. दोघांच्या मध्ये होती जुनी दगडी भिंत, दोन फूट जाडीची. आणि डबा ठेवला होता लोखंडी कपाटाच्या मागे, पोरांचा हात लागू नये म्हणून.

डबा कपाटामागून काढून मधल्या दाराजवळ उंच फळीवर ठेवला. त्या दिवसापासून टीव्ही नीट चालतो. कर्जाची मागणी ताईंनी मागे घेतली. 14,000 रुपये वाचले ते काकूंच्या एका प्रश्नामुळे. मी सोशल वर्क शिकले आहे, पण त्या दिवशी काकूंकडून शिकले.

नेट घरापर्यंत येतं कसं?

ठिबकची पाइपलाइन डोळ्यासमोर आणा. विहिरीत पाणी, मग मोटर, मग मोठा पाइप, मग बारीक नळ्या, आणि शेवटी झाडाच्या बुडाशी थेंब. झाडाला पाणी येत नसेल तर आपण लगेच नवीन विहीर खणतो का? नाही. मोटर चालू आहे का बघतो, पाइप फुटला का बघतो, नळीत कचरा अडकला का बघतो.

नेटचेही असेच चार टप्पे आहेत.

1. बाहेरची लाईन. फायबरची बारीक वायर किंवा मोबाईलचा टॉवर.
2. वायफायचा डबा, म्हणजे राऊटर.
3. डब्यापासून टीव्ही-मोबाईलपर्यंतची हवा. इथं वायर नसते, पण भिंती, पत्रे, कपाटं असतात.
4. टीव्ही किंवा मोबाईल.

गळती या चारपैकी कुठल्या तरी एका टप्प्यात असते. ती कुठं आहे हे शोधायचं, एवढाच हा धडा.

आणि ते गोल का फिरतं? व्हिडिओ बघताना टीव्ही पुढचा थोडा भाग आधीच आणून साठवून ठेवतो, जसा आपण रांजण भरून ठेवतो. येणारं पाणी कमी आणि वापर जास्त झाला की रांजण रिकामा होतो. मग परत थोडं साठेपर्यंत थांबावं लागतं. त्या थांबण्यालाच बफरिंग म्हणतात.

बऱ्याच जणी विचारतात, डिशवरचं चॅनल असं थांबत नाही, मग हेच का थांबतं? डिश म्हणजे गावातला भोंगा. एकदा बोललं की सगळ्यांना ऐकू येतं, दहा जण ऐका नाहीतर हजार. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, ते तसं होतं. नेटचं तसं नाही. नेटवर प्रत्येक घरासाठी वेगळी घागर भरून आणावी लागते. वाटेत गर्दी झाली की घागर उशिरा येते. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारे भाविक आपल्याच रस्त्याने जातात. रस्ता तोच असतो, पण माणसं इतकी की गाडी पुढे सरकत नाही. संध्याकाळी सगळे एकदम मोबाईल उघडतात तेव्हा टॉवरचं असंच होतं.

तपासणी: एका वेळी एकच गोष्ट बदला

हा नियम पक्का ध्यानात ठेवा. डबा हलवला, प्लॅन बदलला आणि टीव्हीही बंद-चालू केला, सगळं एकदम केलं, तर कशाने बरं झालं ते कळतच नाही. पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

पायरी 1. सगळीकडे बंद आहे की एकाच ठिकाणी?
टीव्ही थांबला की त्याच वायफायवर मोबाईल लावून बघा. मोबाईलचा स्वतःचा डेटा मात्र बंद करा, नाहीतर फसगत होते. दोन्ही थांबले तर अडचण टप्पा 1, 2 किंवा 3 मध्ये. फक्त टीव्ही थांबला तर टीव्हीत किंवा टीव्हीच्या जागेत.

पायरी 2. डब्याचे दिवे बघा.
हात न लावता नुसतं बघायचं. पॉवरचा दिवा लागलेला हवा. फायबरच्या डब्यावर इंग्रजीत एलओएस अशी तीन अक्षरं असतात. तिथं लाल दिवा लागला तर बाहेरून उजेडच येत नाही, म्हणजे फायबर तुटली, दबली किंवा निसटली आहे. तेव्हा घरात काहीही करून उपयोग नाही, सरळ तक्रार करा. सगळेच दिवे मधूनमधून विझून परत लागत असतील तर वीज नीट मिळत नाही. पिन ढिली आहे का, त्याच एक्स्टेंशन बोर्डवर मिक्सर किंवा मोटर आहे का, ते बघा. मिक्सर लावला की डबा विझतो, असं पुष्कळ घरात होतं.

पायरी 3. बंद-चालू करा, पण नीट.
बटण बंद करा. मनात तीस आकडे मोजा. चालू करा. मग दोन-तीन मिनिटं थांबा, दिवे स्थिर होऊ द्या. लगेच "नाही झालं" म्हणून परत बंद करू नका. आणि हे औषध रोज घ्यावं लागत असेल तर ते औषध नाही, दुखणं दुसरीकडे आहे.

पायरी 4. डब्याजवळ जाऊन बघा.
काकूंची परीक्षा हीच. मोबाईल घेऊन डब्यापासून पाच-सहा फुटांवर उभ्या राहा. दहा मिनिटं व्हिडिओ चालवा. इथं नीट चाललं आणि आत थांबलं तर गळती टप्पा 3 मध्ये, म्हणजे हवेत. इथंही थांबलं तर डब्यात किंवा बाहेरच्या लाईनमध्ये.

पायरी 5. डब्याची जागा बदला.
डबा उंच, मोकळा आणि घराच्या मध्याकडे हवा. लोखंडी कपाट, पत्र्याची पेटी, पत्र्याची भिंत, फ्रीज, पाण्याची टाकी यांच्या आड नको. लोखंड वायफाय अडवतं. दगडी आणि मातीच्या जाड भिंतीतून ते फार कमी जातं. म्हणून दाराच्या रेषेत ठेवलेला बरा. फायबरची वायर मात्र ओढून-ताणून किंवा काटकोनात वाकवून हलवू नका. आत काचेचा धागा असतो. वायर पुरत नसेल तर लाईनमनला बोलवा.

पायरी 6. दोन नावं दिसतात का?
काही डब्यांची वायफायच्या यादीत दोन नावं दिसतात. एकाच्या शेवटी 5जी लिहिलेलं असतं. मोबाईलचा 5जी वेगळा, हा वेगळा. हे 5 गिगाहर्ट्झचं वायफाय जोरात पळतं, पण भिंतीतून कमी जातं. दुसरं 2.4 चं, ते हळू पण लांब जातं. टीव्ही त्याच खोलीत असेल तर 5 लावा, भिंतीपलीकडे असेल तर 2.4 लावा. जुन्या टीव्हीला नुसतं 2.4 च दिसतं, तो काही बिघाड नाही. टीव्ही जवळच असेल तर सगळ्यात खात्रीचं म्हणजे लॅनची वायर डब्यातून थेट टीव्हीला जोडणं. वायरीला भिंतीचा त्रास नाही.

पायरी 7. भार किती आहे?
यूट्यूबच्या सांगण्याप्रमाणे 480 च्या चित्राला साधारण 1.1 एमबीपीएस वेग लागतो, 720 ला 2.5 आणि 1080 ला 5. आता हिशोब करा. टीव्हीवर 1080 आणि दोन मोबाईलवर 480, तर 5 + 1.1 + 1.1 म्हणजे 7.2. तुमचा प्लॅन 30 चा असेल तर तो भरपूर झाला. "मोठा प्लॅन घ्या" असं कुणी म्हणालं तर आधी हा हिशोब मांडा.

वेग कमीच असेल तर व्हिडिओच्या चाकाच्या खुणेवर जाऊन चित्र 480 वर आणा. लस कशी टोचायची हे 480 मध्येही स्वच्छ दिसतं.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर

आपल्यातल्या बऱ्याच जणींकडे फायबर नाही, मोबाईलवरच भागवतो. तिथं चार गोष्टी बघा.

पहिली, रोजचा डेटा. 1080 चं चित्र तासाला ठोकळमानाने सव्वादोन जीबी खातं. रोजचा दीड जीबी डेटा चाळीस मिनिटांत संपला. मग वेग एकदम पडतो आणि आपल्याला वाटतं रेंज गेली. 480 वर तोच डेटा तीन तास पुरतो.

दुसरी, बॅटरी बचत. बॅटरी सेव्हर चालू असेल किंवा हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची वेळ लावलेली असेल तर तो मध्येच बंद पडतो. सेटिंगमध्ये ते बंद करा आणि फोन चार्जिंगला लावा. फार गरम झाला असेल तर थोडा वेळ थांबा.

तिसरी, येणारे फोन. कॉल आला की नेट थांबतं, असं होत असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये व्हीओएलटीई चालू आहे का ते बघा.

चौथी, जागा. फोन खिडकीत ठेवा. पत्र्याच्या खोलीत आत रेंज कमी मिळते.

टीव्हीच रुसला असेल तर

पायरी 1 मध्ये फक्त टीव्हीच थांबतोय असं दिसलं, आणि त्याच जागी मोबाईल नीट चालतोय, तर टीव्ही रिमोटने नको, भिंतीवरच्या बटणाने बंद करा. एक मिनिटाने चालू करा. तरी नाही झालं तर टीव्हीतलं वायफायचं नाव काढून टाका आणि पासवर्ड घालून परत जोडा. न लागणारी ॲप काढा. टीव्हीला अपडेट आलं असेल तर होऊ द्या. नवीन टीव्हीचा विचार हे सगळं झाल्यावर.

नोंदवही: आपली खरी ताकद

पंचसूत्रीतलं नियमित लेखे आपल्याला पाठ आहे. तीच सवय इथं लावा. एका कागदावर चार रकाने पाडा: तारीख आणि वेळ, काय दिसलं, दिवे कसे होते, काय केलं. उदाहरण बघा.

सोमवार, सायंकाळी 7.10. टीव्ही आणि मोबाईल दोन्ही बंद. एलओएस लाल. तक्रार केली, नंबर घेतला.
मंगळवार, दुपारी 1.30. फक्त टीव्ही बंद. दिवे नीट. टीव्ही बटणाने बंद-चालू केला, लागला.
बुधवार, सायंकाळी 7.00. सगळं बंद. सगळे दिवे विझून परत लागले. मिक्सर चालू होता.

आठवडाभर लिहिलं की गळती आपोआप दिसते. रोज एकाच वेळेला तुटतं का? पाऊस आला की तुटतं का? मिक्सर लावला की तुटतं का? ही वही घेऊन तुम्ही तक्रार केलीत तर समोरचा माणूस "मॅडम, बंद करून चालू करा" एवढ्यावर तुम्हाला वाटेला लावू शकत नाही.

तक्रार केली की तक्रार क्रमांक मागून घ्या. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय, त्यांच्या 2012 च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला वेगळा क्रमांक देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रार मिटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. क्रमांक नसेल तर तुम्ही तक्रार केली याला पुरावाच नाही. ठराव वहीत न लिहिल्यासारखं ते आहे.

इथं सांभाळा

- कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथं भामट्यांनीही नंबर टाकून ठेवलेले असतात. नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्या.
- "नेट दुरुस्त करतो, हे ॲप टाका, ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. नेट दुरुस्तीला बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.
- फायबरची वायर तुटली तर तिच्या टोकात डोकावून बघू नका. आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.
- विजा कडाडायला लागायच्या आधीच डब्याची पिन काढून ठेवा.
- डब्याला दुसरा ॲडॉप्टर लावू नका. डब्यावर जेवढे व्होल्ट लिहिलेत तेवढ्याच व्होल्टचा हवा.

पुढच्या बैठकीत करायचा सराव (वीस मिनिटं)

ज्या घरी वायफाय आहे तिथं बैठक घ्या. ज्या सखीने आजवर डब्याला हात लावला नाही तिनेच आज तो बंद-चालू करायचा, तीस आकडे मोजून. दुसरीने दिवे वाचून सांगायचे. तिसरीने मोबाईल घेऊन घरात फिरायचं आणि व्हिडिओ कुठं थांबतो ती जागा दाखवायची. सचिवांनी नोंद करायची. वायफायचा पासवर्ड घरातल्या बाईला माहीत आहे का, हेही विचारा. बिल आपण भरतो आणि पासवर्ड फक्त पोराला माहीत, असं किती घरात आहे, ते मोजा.

आणि प्रशिक्षण महत्त्वाचं असेल तर आदल्या रात्रीच व्हिडिओ उतरवून ठेवा. यूट्यूबवर व्हिडिओखाली डाउनलोड दिसत असेल तर तो मोबाईलवर नेटशिवाय बघता येतो. अकरा जणींचा अर्धा दिवस वाया जाण्यापेक्षा हे बरं.

चर्चेसाठी प्रश्न

1. टीव्ही थांबला, पण त्याच जागी त्याच वायफायवर मोबाईल चालतोय. गळती कुठल्या टप्प्यात?
2. डब्याजवळ व्हिडिओ चालतो, स्वयंपाकघरात थांबतो. पहिलं काय करून बघाल?
3. एलओएसचा दिवा लाल आहे. घरात कुणीतरी नवीन राऊटर आणायचं म्हणतंय. तुम्ही काय सांगाल?
4. आपल्या समूहात गेल्या वर्षभरात नवीन मोबाईल, टीव्ही किंवा मोठ्या प्लॅनवर किती खर्च झाला? त्यातला किती तपासणी करून झाला?

तामलवाडीच्या ताई आता दुपारी एकट्या असल्या तरी डबा बंद-चालू करतात. परवा त्यांच्या मुलानेच सोलापूरहून फोन केला, "आई, दिवा कोणता लागलाय बघ बरं." त्यांनी बघून सांगितलं. लाल होता. तक्रार त्यांनी स्वतःच केली आणि नंबर वहीत लिहून घेतला.

तुमच्या बैठकीत काय सापडलं ते पुढच्या महिन्याच्या प्रभागसंघाच्या सभेला वहीसकट घेऊन या.